दुसऱ्या नंबरच्या पोराची आई

लग्रांज स्ट्रीटवर लोरेटा ग्राबोव्स्कीचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, भिंतीवर पोपचा फोटो, आणि त्याच्या शेजारी, पोपपेक्षा चार बोटं वरच, मुलाचा फोटो. हेल्मेट काखेत धरून दात दाखवत हसणारा कॅझ. अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या या पोलिश वस्तीत लोरेटाची कात्री डोक्याला न लागलेली बाई सापडायची नाही, आणि केस कापून घेता घेता कॅझच्या शाळेपासूनच्या सामन्यांची कथा न ऐकलेली तर नाहीच नाही.

"माझा कॅझ फर्नेसचा क्वार्टरबॅक आहे," असं ती सांगायची. फर्नेस म्हणजे गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. वाक्य पुरं केलं तर ते असं व्हायचं, की कॅझ फर्नेसचा दुसरा क्वार्टरबॅक आहे. आणि या खेळात दुसऱ्याला काही काम नसतं. बाकीच्या जागांवर माणसं आलटून पालटून उतरतात, पण चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे भिरकवायचा हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवणारा एकच. दुसरा रेषेबाहेर कानाला हेडफोन लावून उभा राहतो आणि पहिल्याला काही व्हायची वाट बघतो. वाट बघतो असं कुणी म्हणत नाही. म्हणायचंच नसतं ते.

मागच्या हंगामात मात्र कॅझचा दिवस आला होता. पहिला क्वार्टरबॅक वयानं थकून मध्येच निवृत्त झाला, शेवटचे काही सामने कॅझ खेळला, आणि निम्म्याहून जास्त जिंकला. सगळ्या वस्तीनं धरूनच चाललं होतं, की आता गादी आपल्या पोराची. एप्रिलमध्ये संघांनी कॉलेजातली नवी पोरं निवडायचा दिवस आला, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावून सगळे जमले. यंदा संघ कॅझच्या रक्षणाला एखादा धिप्पाड गडी घेणार, असं लोरेटानं स्वतः दारोदार सांगितलं होतं. पडद्यावर नाव आलं: रेमी ब्रूसार्ड, लुईझियाना. क्वार्टरबॅक. फादर स्टॅन सवयीनं टाळ्या वाजवायला लागले, आणि आपण एकटेच वाजवतोय हे कळल्यावर त्यांनी हात हळूच खिशात घातले.

"लहान आहे अजून," लोरेटाचा नवरा टेड घरी जाताना म्हणाला. आयुष्य काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर काढलेला माणूस, फार बोलायचा नाही. "शिकेपर्यंत दोन वर्षं जातील."

दोन वर्षं कसली, पोरगा सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात उतरला.

आणि खेळला! त्याच्या हातून सुटलेला चेंडू असा जायचा, की जणू कुणी दोरीवरून ओढून नेतोय. चार धटिंगण अंगावर धावून येत असताना तो एक पाऊल मागे सरायचा, मान तिरकी करायचा, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळणाऱ्या गड्याच्या ओंजळीत चेंडू नेऊन ठेवायचा. पहिल्या महिन्यात संघ एकही सामना हरला नाही. पार्लरमध्ये येणाऱ्या बायका रेमीच्या नंबराच्या जर्सी घालून खुर्चीत बसायला लागल्या. एकीनं तर नखांवर तोच नंबर काढून मागितला. लोरेटानं काढून दिला, पण असा वाकडा, की बाईनं घरी जाऊन पुसला असेल.

हे एक वेळ तिनं गिळलं असतं. गिळता आली नाही ती रेमीची आई.

खेळाडूंच्या घरच्यांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि नशिबानं इव्हेट ब्रूसार्डची खुर्ची लोरेटाला लागूनच होती. उंच, सावळी, गडगडाटी हसणारी बाई. पहिल्याच दिवशी तिनं लोरेटाला कडकडून मिठी मारली.

"तूच ना कॅझची आई? अगं राणी, माझा रेमी दिवसभर कॅझ कॅझ करतो! म्हणतो, ममा, मला इथं काही कळलं नसतं, कॅझ नसता तर!"

राणी. लोरेटाला आजवर कुणी राणी म्हटलं नव्हतं, टेडनंसुद्धा नाही. ती ओठांनी हसली. मनात म्हणाली, म्हणजे माझ्या पोरानं शिकवायचं आणि तुझ्यानं मिरवायचं.

सामन्याआधी पार्किंगमध्ये सगळे गाड्यांच्या डिक्क्या उघडून जेवण मांडतात. इतकी वर्षं तिथं लोरेटाच्या पिरोगींना मान होता; बटाटा नि चीज भरलेल्या पोलिश करंज्या, लोण्यात कांद्याबरोबर परतलेल्या. इव्हेटनं एक भलंमोठं पातेलं आणलं. त्यात गंबो: कोळंबी, सॉसेज, भेंडी, आणि तांबूस दाट रस्सा भातावर ओतलेला. वास असा सुटला की तीन रांगांपलीकडून लोक वाडगे घेऊन आले. लोरेटाच्या पिरोगी ताटात थिजल्या. वळून पाहते तो टेडच्या हातात दुसरा वाडगा.

"टेड!"

"अगं, थंडी आहे," टेड म्हणाला. "गरम आहे हे."

"माझं काय बर्फावर ठेवलंय का?"

टीव्हीवाले इव्हेटच्या मागे असायचे. रेमीनं टचडाउन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचवला, की कॅमेरा तिच्यावर. ती कशी तरुणपणी विधवा झाली, कोळंबीच्या कारखान्यात उभी राहून तिनं पोराला कसं वाढवलं, हे सगळ्या देशाला पाठ झालं. त्या चित्रात कडेला एक खांदा दिसायचा, हिरव्या कोटातला. तो लोरेटाचा. एका दुपारी ती सामन्याची फीत परत बघत बसली होती, आणि आपण चक्क त्या बाईच्या वैधव्याचाही हेवा करतोय हे लक्षात आल्यावर तिनं टीव्ही बंद केला. टेड धडधाकट समोर बसून शेंगदाणे खात होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस इव्हेट पार्लरमध्ये आली. "या गावात माझ्या केसांना हात लावायला दुसऱ्या कुणावर भरवसा नाही बाई," म्हणत खुर्चीत बसली. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. लोरेटानं केस धुतले, टाळूला तेल चोळलं. बोटांखाली डोकं सैल पडलं, की बायका बोलतात. हे लोरेटाला तिच्या धंद्यानंच शिकवलं होतं.

"एक सांगू? पण तुझ्या पोटात ठेव," इव्हेट डोळे मिटून म्हणाली. "रेमीचा अंगठा गेलाय. फेकायच्या हाताचा. मागच्या सामन्यात कुणाच्या तरी हेल्मेटवर आदळला. कोचला सांगितलं नाही. डॉक्टरलाही नाही. चिकटपट्ट्या लावून खेळतोय पोर."

लोरेटानं विचारलं, "कुणालाच माहीत नाही?"

"तुझ्या कॅझला माहीत आहे ना! त्यानं सरावात चेंडू डगमगताना बघितला आणि ओळखलं. त्यानंच दाखवलं, अंगठ्यावर जोर न देता चेंडू कसा पकडायचा ते. असं लेकरू पोटी यायला पुण्य लागतं, लोरेटा."

पुढचे केस लोरेटानं कसे कापले, तिचं तिला आठवलं नाही. हाताच्या सवयीनं नीट कापले गेले असावेत, कारण इव्हेटनं आरशात बघून तिच्या गालाचा मुका घेतला.

सोमवारी रात्री कॅझ जेवायला आला तेव्हा ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिशी ओलांडलेला मुलगा, कानशिलापाशी पांढरे केस दिसायला लागले होते. या खेळात हे म्हातारपणच. रेमीच्या दुखण्याबद्दल आपल्याला कळलंय, हे ती बोलली नाही. फक्त म्हणाली, "तुला कधी वाटत नाही का रे, की तू खेळावंस?"

"रोज वाटतं, आई."

"मग?"

"मग काय? पोरगा माझ्यापेक्षा चांगला फेकतो. तूच बघतेस ना." त्यानं ताटात आणखी कोबी वाढून घेतली. "चांगला आहे गं तो. मला विचारतो, मी सांगतो."

पोरगा शांतपणे जेवला. आई तशीच राहिली. स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला वाढायला निघालाय हा, आणि दुसऱ्याची आई माझ्याच खुर्चीत बसून मला पुण्य शिकवते!

दोन दिवसांनी मार्ज डुडेक केस रंगवायला आली. मार्जचा दीर रेडिओवर खेळाचा कार्यक्रम चालवायचा. गावात सगळ्यांना माहीत होतं, लोरेटालाही. म्हणून पुढे जे घडलं त्याला जीभ घसरली असं म्हणता येणार नाही. मार्जनं आपणहून विषय काढला, "काय तो रेमी! देवाचा हात आहे पोराला," आणि लोरेटा ब्रश वाटीत बुडवत म्हणाली,

"हात आहे खरा. अंगठा मात्र मोडलाय. लपवून ठेवलंय सगळ्यांपासून. तू कुणाला बोलू नकोस हं."

बोलू नकोस म्हणताना आपण तिला बोलायलाच सांगतोय, हे दोघींनाही कळत होतं. मार्जच्या डोक्याला रंग मुरायचा होता तरी ती घड्याळ बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी: संघातल्याच एका जवळच्या सूत्राकडून कळतं, की ब्रूसार्ड मोडक्या अंगठ्यानं खेळतोय. दुपारपर्यंत गावभर. कोच होस्टेटलरनं रेमीला एक्स-रे काढायला पाठवलं, हाड खरोखरच तडकलेलं निघालं. कोच पत्रकारांसमोर लालबुंद होऊन म्हणाला, "माझ्यापासून लपवणारा एक, आणि बाहेर बोंबलणारा दुसरा. दोघांनाही मी बघून घेईन." रेमी महिनाभर बाहेर. रविवारी कॅझ ग्राबोव्स्की.

लोरेटानं त्या दिवशी पार्लरमधल्या कॅझच्या फोटोवरची धूळ पुसली. वस्तीतल्या बायका मिठ्या मारून गेल्या. जे हवं होतं ते मिळालं होतं. मग जेवताना टेडनं मान वर न करता विचारलं, "पण बाहेर सांगितलं कुणी म्हणे?"

"मला काय ठाऊक?"

"त्या अंगठ्याचं कॅझला ठाऊक होतं म्हणे. संघात फक्त त्यालाच." टेडनं पाव मोडला. "संघातली पोरं म्हणतायत, जागा मिळावी म्हणून त्यानंच चुगली केली."

लोरेटानं हातातला घास ताटात ठेवला. एवढा एकच हिशेब तिच्या डोक्यात आला नव्हता.

रविवारी कॅझ मैदानात उतरला, आणि टोलेडोच्या स्टेडियमनं, त्याच्या स्वतःच्या गावानं, शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवली. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "साप रे साप!" इव्हेट नेहमीच्या खुर्चीत बसली होती. तिनं मिठी मारली नाही. रेडिओनं 'संघातलाच' म्हटल्यावर लोरेटावर तिचा संशय गेलाच नव्हता. ती इतक्या हळू बोलली, की लोरेटाला वाकावं लागलं.

"माझ्या पोरानं त्याला थोरला भाऊ मानलं होतं."

लोरेटाला तेव्हा बोलता आलं असतं. तिनं कोटाची बटणं लावली.

खेळ सुरू झाला. पहिल्या काही मिनिटांतच समोरचा एक आडदांड गडी आडवा आला आणि त्यानं कॅझला पाठीवर आपटला. हे रोजचंच. असा क्वार्टरबॅक पडला, की त्याच्या पुढचे पाच धिप्पाड भाऊबंद धावत येतात, हात देतात, अंगावरची माती झटकतात. लोरेटानं शाळेच्या मैदानापासून हे बघितलेलं. त्या दिवशी कुणी आलं नाही. पाचही जण पाठ करून परत रांगेत जाऊन उभे राहिले. कॅझ आधी एका कुशीवर वळला, मग गुडघ्यावर, मग एकटाच उठला. पुन्हा पडला, पुन्हा एकटाच उठला. सामना हरले. हरल्याचं लोरेटाला काहीच वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे फक्त जमिनीवर हात टेकून उठणारा मुलगा होता, लहानपणी बर्फात घसरला की उठायचा तसाच, आई बघते आहे का ते न बघता.

घरी येताना गाडीत ती बोलली. "टेड, ते मी केलं."

टेडनं गाडी कडेला घेतली. सगळं ऐकून घेतलं. त्याच्या जाड बोटांवर भट्टीचे जुने डाग होते, ती बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळली गेली.

"का?" एवढंच त्यानं विचारलं.

"जळत होते मी," लोरेटा म्हणाली. "तिचं सगळंच चांगलं होतं रे. पोरगा चांगला, रस्सा चांगला. ती स्वतःसुद्धा चांगली. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं."

"आता तू सांगतेस, की मी सांगू?"

सोमवारी पार्लर बंद असतं. लोरेटा नदीपलीकडे, नव्या घरांच्या वसाहतीत इव्हेटकडे गेली. दार रेमीनंच उघडलं. उजव्या हाताला पट्टी, पायात मोजे. टीव्हीवर वाटायचा त्याहून कितीतरी लहान. तिनं त्याच्यादेखतच सांगितलं. रेमी भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हणजे कॅझनं नाही?" तो म्हणाला. "ममा, कॅझनं नाही सांगितलं!" त्याचा चेहरा असा उजळला, की लोरेटाला मान खाली घालावी लागली. आपण याचा हंगाम मोडला, आणि याला आनंद कशाचा, तर माझ्या पोराचा.

इव्हेटचा चेहरा मात्र उजळला नाही.

"मी तुझ्या हातात डोकं दिलं होतं, लोरेटा," ती म्हणाली. "माफ करीन मी. चर्चला जाते, करावंच लागेल. पण आज नाही. आणि मला सांगून काय उपयोग? जिथं पहिल्यांदा बोललीस, तिथं जाऊन बोल."

लोरेटानं मार्जच्या दिरालाच फोन लावला. तो आधी हसला, मग त्यानं तिला सरळ कार्यक्रमात घेतलं. सगळं टोलेडो गाडीत, गॅरेजात, दुकानात ऐकत होतं. "मी लोरेटा ग्राबोव्स्की, लग्रांज स्ट्रीटवरून. रेमीच्या अंगठ्याचं त्याच्या आईनं मला विश्वासानं सांगितलं आणि मी बाहेर फोडलं. कॅझनं चकार शब्द काढला नव्हता, माझ्याजवळसुद्धा नाही. त्याला शिव्या देऊ नका. द्यायच्या तर मला द्या, पार्लर दहाला उघडतं."

शिव्या मिळाल्या. काही बायकांनी यायचं सोडलं. ज्या पार्लरमध्ये पोटातलं बोलता येत नाही, तिथं जाऊन करायचं काय? कॅझ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच म्हणाला, "मला तुझी मदत नको होती, आई. मला मी बरा होतो. तुला मी बरा नव्हतो, असं झालं ते." लोरेटा रडली. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला, पण जवळ बसला नाही.

पुढचा सामना पिट्सबर्गशी, आणि बर्फ. कॅझ पहिल्यांदा पडला तेव्हा रांगेतला सगळ्यात जाडा गडी धापा टाकत आला, त्यानं दोन्ही हातांनी त्याला उचलला आणि हेल्मेटवर अशी थाप मारली, की ती वरपर्यंत ऐकू आली. त्यानंतर कॅझ असा खेळला, जसा आधी कधी खेळला नव्हता आणि नंतरही नाही. त्याचे चेंडू रेमीसारखे दोरीवरून जायचे नाहीत. लटपटत जायचे, पण वेळेवर पोचायचे. रेषेबाहेर रेमी हेडफोन लावून उभा होता आणि डाव्या हातानं खुणा करून त्याला काहीतरी सांगत होता. शेवटच्या मिनिटाला कॅझला फेकायला माणूस दिसेना, तेव्हा तो स्वतःच चेंडू छातीशी धरून धावला आणि दोघांना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला. टचडाउन.

लोरेटा उठेपर्यंत शेजारची इव्हेट उभी राहून किंचाळत होती, "कॅझ! माझं सोनं! बघितलंत का रे त्याला?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. लोरेटाकडे तिनं बघितलंही नाही, पण तिच्या पोरासाठी मन मोकळं करून नाचत होती. रेमीच्या एवढ्या टचडाउनांपैकी एकावरही लोरेटा अशी उठली नव्हती. टाळ्या वाजवल्या होत्या, हातमोजे न काढता. मुलाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि तिच्या मनात आलं, हिला हे जमतं कसं? देवा, हेही हिलाच का दिलंस?

कॅझनं आणखी सामने जिंकले, एक हरला. डिसेंबरात रेमीचा अंगठा जुळला, आणि कॅझ पुन्हा हेडफोन लावून रेषेबाहेर गेला. संघ बाद फेरीत पोचला, पहिल्याच सामन्यात हरला. मार्चमध्ये फर्नेसनं कॅझला मोकळं केलं. दुसरा नंबर म्हणून त्याहून स्वस्त पोरं मिळतात. इव्हेटनं नाताळाला कार्ड पाठवलं, त्यावर 'राणी' नव्हतं. रस्त्यात भेटली तर थांबते, तब्येत विचारते. केस मात्र दुसरीकडे कापते.

कॅझला ॲरिझोनात काम मिळालं. तिथंही दुसऱ्याच नंबरचं. निघायच्या दिवशी लोरेटा त्याचे शर्ट घडी करून देत होती, टेड दारात गाडीचा टायर बघत होता. आता कॅझ तिच्या शेजारी बसायचा, थट्टाही करायचा.

"आई, एक वचन दे. तिकडच्या क्वार्टरबॅकच्या आईचे केस कापायचे नाहीत."

"मी कशाला येतेय एवढ्या उन्हात?" लोरेटा म्हणाली. एक शर्ट घडी झाला, दुसरा झाला. बॅगेची चेन लावता लावता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "येते का ती सामन्यांना? दिसायला कशी आहे?"